ब्रिटनमधले स्टोरेज हीटर आणि घराचं ईपीसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांत दर ऑक्टोबरला तेच प्रश्न सुरू होतात. फ्लॅटमध्ये गॅस नाही, भिंतीलगत एक जाड पांढरा डबा आहे, सकाळी तो चटका बसेल इतका तापतो आणि संध्याकाळी घरी यावं तर गार. मी अशा फ्लॅटमध्ये आधी भाड्याने राहिले. पुढे त्याच इमारतीत घर घेतलं, जुने हीटर काढून नवे बसवले आणि घराचं ऊर्जा-प्रमाणपत्र (ईपीसी) नव्याने करून घेतलं. त्या काळात जे शिकले आणि इतरांना फोनवर पुन्हापुन्हा सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते आहे.

हा भिंतीलगतचा डबा, म्हणजे स्टोरेज हीटर, नेमकं काय करतो?

आत विटा आहेत. अक्षरशः विटा: लोहयुक्त, जड, गडद रंगाच्या, एकावर एक रचलेल्या. त्यांच्यामधून विजेची कॉइल जाते. रात्री वीज स्वस्त असताना कॉइल विटांना तापवते आणि दिवसभर त्या हळूहळू ऊब सोडतात. गावाकडे निखाऱ्यावर तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पाय शेकायचे, तत्त्व तेच. फक्त इथल्या विटा सहाशे अंश सेल्सियसच्या वर जातात आणि मोठ्या हीटरमध्ये त्यांचं वजन शंभर किलोच्या पुढे असतं. शंभर किलो विटा सहाशे अंशांनी तापवल्या की त्यांत साधारण १५ युनिट वीज उष्णतेच्या रूपात साठते.

म्हणजे यात वीज कमी लागते?

नाही, आणि हा गैरसमज आधी काढून टाका. एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता मिळते, मग तो स्टोरेज हीटर असो, पॅनल हीटर असो की दुकानातला वीस पौंडांचा फॅन हीटर. फरक ती वीज कधी विकत घेतली याचा आहे. रात्रीचा दर दिवसाच्या दराच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि सगळी बचत तिथेच होते. ती उष्णता संध्याकाळपर्यंत टिकली नाही, तर स्वस्तात घेतलेला माल वाटेतच सांडल्यासारखं होतं.

जुन्या हीटरवर दोन बटणं आहेत. कुठलं कशाला फिरवायचं?

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘इनपुट’ म्हणजे आज रात्री विटांमध्ये किती उष्णता भरायची. हे बटण उद्याच्या हवामानासाठी असतं. आत्ता थंडी वाजते म्हणून ते वाढवलं तर आत्ता काहीच होत नाही, परिणाम उद्या दिसतो. झोपण्यापूर्वी उद्याचा अंदाज बघा. कडाक्याची थंडी असेल तर वाढवा, ऊन पडणार असेल तर कमी करा.

‘आउटपुट’ हे हीटरच्या वरच्या बाजूची एक झडप उघडतं. ती उघडली की साठलेली ऊब खोलीत लवकर येते. काही मॉडेलवर याच बटणाला ‘बूस्ट’ म्हटलेलं असतं. इथे सावध राहा. काही हीटरमध्ये ‘बूस्ट’ म्हणजे दिवसाच्या महाग विजेवर चालणारी वेगळी कॉइल असते. तुमच्याकडे कुठला प्रकार आहे ते मॉडेल नंबरवरून माहितीपत्रक शोधून बघा.

रोजचा क्रम असा ठेवा: झोपताना आउटपुट पूर्ण बंद, सकाळी बंद किंवा अगदी कमी, संध्याकाळी घरी आलात की वाढवा आणि झोपताना पुन्हा बंद.

पहिल्या हिवाळ्यात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. एजंटने किल्ल्या दिल्या, हीटरचं माहितीपत्रक दिलं नाही. मी दोन्ही बटणं सहावर ठेवून झोपायचे. रात्री विटा तापायच्या आणि त्याच वेळी उघड्या झडपेतून ऊब निघूनही जायची. पहाटे चारला पांघरूण फेकून द्यावंसं वाटायचं आणि संध्याकाळी सहाला हीटरवर हात ठेवला तर तो जेमतेम कोमट. मग २ किलोवॉटचा फॅन हीटर आणला, तो रोज चार तास चालायचा. म्हणजे दिवसाच्या दराने रोज आठ युनिट. ३० पेन्स दर धरा: रोजचे दोन पौंड चाळीस पेन्स, महिन्याला सत्तरच्या वर. विटांसाठी रात्री लागलेल्या विजेचे पैसे वेगळेच. ज्या रात्री आउटपुट बंद करून झोपले, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोली उबदार होती. एका बटणाचा एवढा फरक पडतो.

नवे हीटर यापेक्षा खरंच वेगळे आहेत का?

हो. आतल्या विटा जवळपास त्याच, पण बाकी बरंच बदललं आहे.

जुन्या हीटरचं आवरण इतकं गळकं की झडप बंद असली तरी दुपारपर्यंत बरीच ऊब रिकाम्या घरात निघून जाते. नव्यांचं इन्सुलेशन चांगलं असतं आणि ऊब बाहेर काढायला पंखा असतो. पंखा थांबला की ऊब बऱ्याच अंशी आत राहते. खोलीचं तापमान आणि वेळा तुम्ही ठरवायच्या, आज रात्री किती तापायचं ते हीटर स्वतः ठरवतो. आधीच्या दिवसांत किती ऊब लागली आणि थंडी किती होती यावरून तो अंदाज बांधतो.

त्यांतल्या वरच्या प्रतीच्या हीटरला ‘हाय हीट रिटेन्शन’ म्हणतात. हे नुसतं जाहिरातीतलं विशेषण नाही. प्रमाणित चाचणीत किमान ४५ टक्के उष्णता धरून ठेवणारा, टायमर, इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट आणि पंखा असलेला, दुसऱ्या दिवशीची गरज ओळखणारा, अशी त्याची व्याख्या घरांच्या गुणांकनाच्या नियमांतच दिलेली आहे. डिम्प्लेक्स कंपनीचा क्वांटम हा यातला सर्वांत ओळखीचा. ‘लॉट २०’ हा शब्दही दुकानात ऐकू येईल. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमाचं ते बोलीतलं नाव. त्यानंतर बनलेल्या हीटरमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असावंच लागतं. पण लॉट २० पाळणारा प्रत्येक स्टोरेज हीटर हाय हीट रिटेन्शन असतोच असं नाही, आणि पॅनल हीटरवरही ‘लॉट २०’ लिहिलेलं असतं. खरेदीआधी हे नीट विचारा.

नवा हीटर बसवल्यावर पहिले काही दिवस त्याला तुमची सवय होऊ द्या. भिंतीवरचा स्विच रोज बंद-चालू करू नका.

रात्रीचा स्वस्त दर किती वाजता सुरू होतो?

रात्रीच्या स्वस्त दराची इकॉनॉमी ७ ही योजना १९७८ पासूनची. कोळशाची आणि अणुऊर्जेची केंद्रं रात्री बंद करणं अवघड असतं, तेव्हाची शिल्लक वीज खपावी हा तिचा हेतू. सात तास स्वस्त, बहुतेक ठिकाणी मध्यरात्री साडेबारा ते सकाळी साडेसातच्या आसपास. पण भाग आणि मीटर बदलला की वेळही बदलते. जुन्या मीटरचं घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे जात नाही, त्यामुळे साडेबाराचे दीड होतात. शेजाऱ्याच्या वेळेवर विसंबून वॉशिंग मशीन लावू नका, वीज कंपनीला तुमच्या मीटरची वेळ लेखी विचारा.

काही घरांतली मीटर बीबीसीच्या लाँग वेव्हवरून येणाऱ्या रेडिओ संदेशाने दर बदलत असत. ती यंत्रणा २०२५ च्या उन्हाळ्यापासून टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. मीटरजवळ ‘टेलिस्विच’ लिहिलेला वेगळा डबा दिसला तर स्मार्ट मीटरसाठी लगेच फोन करा. संदेश येणं थांबलं की हीटर भलत्याच वेळी तापू शकतो, किंवा तापणारच नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात आता उलटं चाललं आहे. सौर वीज वाढल्यामुळे महावितरण स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत देऊ लागली आहे. पुण्याच्या नातेवाइकांशी बोलताना हा गोंधळ हमखास होतो.

इकॉनॉमी ७ मला परवडेल का?

या योजनेत दिवसाचा दर साध्या दरापेक्षा जास्त असतो, म्हणून हिशेब करावाच लागतो. उदाहरणापुरते आकडे घ्या: साधा दर २५ पेन्स, इकॉनॉमी ७ चा दिवसाचा ३० आणि रात्रीचा १५. या दरांत तुमच्या एकूण वापरातला एक तृतीयांश रात्री होत असेल तर बरोबरी होते, त्याहून जास्त असेल तर फायदा. हिवाळ्यात स्टोरेज हीटर नीट चालवणारं घर ही मर्यादा सहज ओलांडतं. हीटर बंद ठेवून फॅन हीटरवर दिवस काढणारं घर मात्र दुहेरी नुकसानीत जातं. बिलावर दिवसाचे आणि रात्रीचे युनिट वेगळे छापलेले असतात, तुमच्या दरांनी हाच हिशेब करून बघा.

आणि मीटरवरच्या दोन आकड्यांतला कुठला रात्रीचा, तेही एकदा तपासा. संध्याकाळी आणि सकाळी दोन्ही आकडे लिहून ठेवा. रात्रीत जो भरभर वाढला तो रात्रीचा. बिलावर ते उलटे नोंदले गेल्याची तक्रार आमच्या इमारतीतच दोन घरांची होती.

ईपीसी म्हणजे काय?

एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट. भारतात फ्रिजवर तारे असतात तसं इथे अख्ख्या घरावर ए ते जी असं अक्षर. घर विकताना किंवा भाड्याने देताना ते लागतं आणि दहा वर्षं चालतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये अक्षरामागचे गुण असे: ९२ आणि त्यावर ए, ८१ ते ९१ बी, ६९ ते ८० सी, ५५ ते ६८ डी, ३९ ते ५४ ई, २१ ते ३८ एफ आणि त्याखाली जी.

सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की कुणाच्याही घराचं प्रमाणपत्र फुकट बघता येतं. घर बघायला जाण्याआधीच बघा. नुसतं अक्षर पाहून थांबू नका, खालचा तक्ता वाचा. तिथे ‘मेन हीटिंग’ आणि ‘मेन हीटिंग कंट्रोल’ अशा दोन ओळी असतात. कंट्रोलपुढे ‘मॅन्युअल चार्ज कंट्रोल’ असेल तर जुनी दोन बटणं. ‘ऑटोमॅटिक’ असेल तर थोडं बरं. ‘कंट्रोल्स फॉर हाय हीट रिटेन्शन स्टोरेज हीटर्स’ लिहिलेलं असेल तर हिवाळा सुसह्य जाईल.

आम्ही फार काटकसरीने राहतो, तरी घराला ई कसा?

ईपीसी तुम्हाला गुण देत नाही, घराला देतं. ठरावीक माणसं, ठरावीक तापमान, ठरावीक तास असं गृहीत धरून दर चौरस मीटरमागे तापवणं, गरम पाणी आणि दिवे यांचा खर्च काढतात. स्वयंपाक, फ्रिज, टीव्ही त्यात धरत नाहीत. तुम्ही स्वेटर घालून बसता हे त्या गणिताला माहीत नसतं.

वीज तर आता बरीचशी वाऱ्यावर बनते. मग विजेवरच्या घराला गॅसवाल्या घरापेक्षा कमी गुण का?

कारण मुख्य अक्षर खर्चावर ठरतं, कार्बनवर नाही. ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट पडतं. त्यामुळे तशाच भिंती, तशाच खिडक्या असलेलं गॅस बॉयलरचं घर वरच्या अक्षरात बसतं. मला हे अन्यायाचं वाटतं. ब्रिटनने शेवटचा कोळसा वीजप्रकल्प २०२४ मध्ये बंद केला, तरी विजेवर तापणाऱ्या घराच्या कपाळावर डी किंवा ई. गुणांकनाची पद्धत बदलून एकाऐवजी अनेक निकष दाखवण्याचं काम सरकारने हाती घेतलं आहे. पण आज घर घेणाऱ्याला आजच्याच अक्षराने चालावं लागतं.

जुने हीटर कुरूप दिसतात. काढून सडपातळ पॅनल हीटर लावले तर?

कृपया आधी थांबा. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की हा प्रश्न आला की काळजी वाटते.

पॅनल हीटर, तेलाचे रेडिएटर, इन्फ्रारेड पॅनल हे सगळे लागतील तेव्हा चालतात, म्हणजे बहुतांश दिवसाच्या महाग विजेवर. गुणांकनात त्यांचा खर्च जास्त धरला जातो आणि अक्षर खाली येतं. घरमालकाने चांगल्या हेतूने खर्च करावा, फ्लॅट देखणा व्हावा आणि प्रमाणपत्रावर डी चा ई किंवा ई चा एफ व्हावा, असं घडतं. विकणारा ‘शंभर टक्के कार्यक्षम’ म्हणतो ते खोटं नाही, पण वर सांगितलं तसं विजेचा प्रत्येक हीटर शंभर टक्केच असतो.

दिवसातून तासभर लागणाऱ्या छोट्या खोलीत किंवा बाथरूममध्ये पॅनल हीटर ठीक. बैठकीच्या खोलीत साठवणुकीचाच ठेवा.

नवे हाय हीट रिटेन्शन हीटर बसवले की अक्षर आपोआप सुधारतं का?

नाही. नवं प्रमाणपत्र करून घ्यावं लागतं आणि ॲसेसरला, म्हणजे घर तपासून गुण देणाऱ्याला, पुरावा दाखवावा लागतो. हीटरचं मॉडेल ओळखता आलं नाही तर तो सामान्य स्टोरेज हीटर धरून मोकळा होतो आणि तुमचे हजारो पौंड कागदावर दिसतच नाहीत. बिलाची प्रत, मॉडेल नंबरच्या पट्टीचा फोटो, माहितीपत्रक असं सगळं एका फाइलमध्ये ठेवा. छताच्या पोकळीत (लॉफ्टमध्ये) इन्सुलेशन घातलं असेल तर मोजपट्टी लावून फोटो काढा. ॲसेसर येईल त्या दिवशी लॉफ्टचं झाकण उघडता येईल असं बघा. त्याला जे दिसत नाही आणि ज्याचा कागद नाही, ते घराच्या वयावरून गृहीत धरलं जातं.

हीटरवर खर्च करण्याआधी आणखी काय बघावं?

ऊब निघून कुठे जाते ते. वरच्या मजल्याचं घर असेल तर लॉफ्टमध्ये २७० मिलिमीटर इन्सुलेशन आहे का. दुपदरी भिंतींची पोकळी भरलेली आहे का. गरम पाण्याच्या टाकीवर जाड जाकीट आहे का. दाराखालून, खिडकीच्या फटीतून वारा येतो का. मधल्या मजल्याचे फ्लॅट इथे नशीबवान, कारण वर-खाली शेजाऱ्यांची उबदार घरं असतात. प्रमाणपत्राच्या शेवटी सुधारणांची क्रमवार यादी असते आणि प्रत्येक पायरीनंतर किती गुण होतील तेही दिलेलं असतं. त्यापासून सुरुवात करा. फ्लॅटच्या बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांना हात लावण्याआधी मात्र इमारतीच्या मालकाची परवानगी लागते.

मी भाडेकरू आहे. घरमालकाला काय सांगू शकतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०२० पासून भाड्याच्या घराला किमान ई लागतो. एफ किंवा जी असेल तर मालकाला सुधारणा कराव्या लागतात. त्याच्या खर्चाला ३,५०० पौंडांची मर्यादा आहे, त्यापुढे तो सूट नोंदवू शकतो. २०३० पर्यंत ही किमान पातळी सी करण्याची सरकारची दिशा आहे. म्हणून पत्र लिहिताना ‘थंडी वाजते’ एवढंच लिहू नका. ‘सध्या प्रमाणपत्रावर मॅन्युअल चार्ज कंट्रोल आहे, हीटर बदलल्यास गुण किती वाढतील ते यादीत दिलं आहे’ असं लिहा. मालकाला पुढेमागे तो खर्च करायचाच आहे, हे त्याला त्यातून कळतं. प्रमाणपत्राची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडमधले नियम वेगळे आहेत.

बसवण्याचं काम घरी करता येईल?

नाही. जुन्या हीटरची वायर फक्त रात्री जिवंत होणाऱ्या वेगळ्या फ्यूजबोर्डवरून येते. नव्याला पंख्यासाठी आणि नियंत्रणासाठी चोवीस तासांची दुसरी वायर लागते. हे काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनचंच. विटा वेगवेगळ्या खोक्यांत येतात आणि डबा भिंतीला पक्का केल्यावर आत रचल्या जातात. आमच्याकडे दोन माणसांना तीन हीटरसाठी पूर्ण दिवस लागला. जिना चढून खोकी आणताना दोघांनाही धाप लागली होती, चहा करून ठेवला होता तो गार झाला.

हीटर १९७० च्या दशकातला किंवा त्याआधीचा असेल तर अजिबात उघडू नका. त्या काळातल्या काही मॉडेलच्या आत ॲस्बेस्टॉस आहे.

हीटरवर कपडे वाळत घातले तर चालतील?

नाही. आगीचा धोका आहे. टॉवेल, चादर, मुलांचे मोजे, काहीच नाही. सोफाही चिकटवून ठेवू नका. कपडे घरातच वाळवावे लागत असतील तर एका खोलीत दार लावून, खिडकी थोडी उघडून वाळवा, आणि फोडणी देताना पंखा चालू ठेवा. खोली गार आणि हवा दमट असली की कोपऱ्यात काळी बुरशी धरते.

त्यापेक्षा हीट पंप घेऊ का?

स्वतंत्र घर असेल तर जरूर चौकशी करा. हीट पंप बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढतो, म्हणून एका युनिट विजेतून साधारण तीन युनिट ऊब देतो, ते कुठल्याच विटांना जमणार नाही. इंग्लंड-वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममधून ७,५०० पौंडांचं अनुदान मिळतं. फ्लॅटमध्ये अडचण जागेची आणि परवानगीची येते. बाहेरचं युनिट लावायचं कुठे, पाण्याचे रेडिएटर नव्याने टाकायचे कसे? तिथे चांगले स्टोरेज हीटर हाच व्यवहारी मार्ग ठरतो.

डिसेंबरात महिनाभर भारतात जाणार आहोत. हीटर पूर्ण बंद करावेत का?

पूर्ण बंद नको. कडक थंडीत पाइप गोठून फुटू शकतात, आणि खालच्या मजल्याचं छत भिजलं तर नुकसान मोठं. नव्या हीटरवर सुट्टीचा पर्याय असतो, परतीची तारीख टाकली की घर तोवर किमान तापमानावर राहतं. जुन्यावर निघण्याच्या आदल्या रात्रीच इनपुट अगदी कमी करा. ज्या दिवशी निघाल त्या दिवसासाठी विटा भरून ठेवण्यात अर्थ नाही. गरम पाण्याच्या टाकीतल्या इमर्शन हीटरचा टायमरही बंद करा.

खरी अडचण परतल्यावर येते. विटा रिकाम्या असतात, रात्रीचा दर सुरू होईपर्यंत भरत नाहीत, आणि तुम्ही मुंबईच्या हवेतून थेट गारठलेल्या घरात येता. म्हणून परतीच्या आदल्या संध्याकाळी कुणाला तरी इनपुट वाढवायला सांगा. मी किल्ली समोरच्या आजींकडे ठेवते आणि हीटरवर मराठी-इंग्रजी दोन्हीत चिठ्ठी चिकटवते: हे बटण चारवर, ते शून्यावर. गेल्या जानेवारीत रात्री नऊला दार उघडलं, बॅगा पॅसेजमध्येच टाकल्या आणि आधी हीटरच्या वरच्या जाळीवर हात धरला. गरम होता.